ॲसिडिटीचं ऑपरेशन झालं तरी जळजळ परत आली. दुर्बिणीतून दुसरं ऑपरेशन करावं का?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला 'रिवर्क' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पार्ट परत आला, की तो दुरुस्त करायचा. पण पान्याला हात लावण्याआधी क्वालिटीवाले विचारतात, बिघाड कशामुळे झाला? 'व्हाय-व्हाय'चा कागद भरून मूळ कारण सापडलं नाही आणि नुसतं आवळून पार्ट पुढे पाठवला, तर तो पुन्हा परत येतो, हे लाइनवर नव्याने लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

ॲसिडिटीसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या माणसाची जळजळ दोन-चार वर्षांनी परत आली, तर मात्र हा प्रश्न बऱ्याचदा कुणी विचारत नाही. घरचे म्हणतात, 'ऑपरेशन फेल गेलं.' ओळखीचा कुणी दुसऱ्या डॉक्टरचं नाव सुचवतो. मेडिकलवाला गोळी बदलून देतो. दुसरं ऑपरेशन करता येतं, तेही दुर्बिणीतूनच, आणि बऱ्याच जणांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण ते पहिल्याइतकं सोपं नसतं. ते यशस्वी होणार की नाही याचा मोठा भाग थिएटरात शिरण्याआधीच ठरतो: पहिल्या वेळी नेमकं काय सुटलं, सरकलं किंवा चुकलं, हे शोधताना.

'पित्त' म्हणतात ते नेमकं काय?

छातीत जळजळ झाली, घशाशी आंबट पाणी आलं, डोकं दुखून उलटी झाली, की आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द आहे: पित्त झालं. शास्त्राच्या भाषेत पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं. छाती जाळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. ते जठरात असतं तोवर काही बिघडत नाही, कारण जठराला आतून जाड संरक्षक अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नसतं. त्यामुळे तेच आम्ल वर चढलं की जळजळ होते.

ते वर चढू नये म्हणून शरीराने दोन बंदोबस्त केलेले आहेत. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक कडी असते. घास गेला की ती मिटते. दुसरा बंदोबस्त श्वासपटलाचा. छाती आणि पोट यांच्यामध्ये हा स्नायूचा पडदा असतो आणि त्यातल्या एका भोकातून अन्ननलिका खाली पोटात उतरते. या भोकाला 'हायटस' म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू चिमट्यासारखे अन्ननलिकेला धरून ठेवतात.

हे भोक सैल झालं की जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो. हाच हायटस हर्निया. कडी वर गेली, चिमटा खाली राहिला; दोघांची जोडी तुटली की आम्लाला वाट मोकळी. अर्थात, एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'लहान हायटस हर्निया' असं लिहिलेल्या कितीतरी लोकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. रिपोर्टवरचा हर्निया हा शब्द वाचून घाबरायचं कारण नाही.

भारतीय गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी सोसायटीच्या कृतिगटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीन हजारांहून अधिक लोकांना विचारलं होतं. त्यांपैकी ७.६ टक्के लोकांना अशा आम्ल वर येण्याच्या आजाराची लक्षणं होती. यातल्या बहुतेकांचं गोळ्या, वजन आणि जेवणाच्या वेळा यांवर भागतं. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गोळ्या आम्ल तयार होणं कमी करतात. त्या वर येणारं पाणी थांबवत नाहीत, त्याचा आंबटपणा घालवतात. म्हणून ज्यांना जळजळीपेक्षा अन्न-पाणी घशाशी येण्याचा त्रास जास्त आहे, ज्यांचा हर्निया मोठा आहे, किंवा ज्यांना वर्षानुवर्षं गोळ्या नको आहेत, अशा निवडक लोकांना ऑपरेशन सुचवलं जातं.

वेढा घालायची कल्पना

या ऑपरेशनचं मूळ एका जर्मन ज्यू सर्जनकडे जातं. रुडॉल्फ निसेन हे १९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इस्तंबूलला गेले. तिथे १९३६ मध्ये एका तरुण रुग्णाच्या अन्ननलिकेचं खालचं टोक काढून ती जठराला जोडताना, टाके सुरक्षित राहावेत म्हणून त्यांनी जोडाभोवती जठराच्याच घड्या घेतल्या. पुढे अनेक वर्षांनी लक्षात आलं, की त्या माणसाला आम्ल वर येण्याचा त्रासच होत नव्हता. त्या निरीक्षणातून १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे त्यांनी पहिल्यांदा मुद्दाम असा वेढा घातला आणि १९५६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. (गुंडाळण्याची निसेन यांना हातोटीच असावी. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पोटातल्या फुगलेल्या महाधमनीला सेलोफेनचा कागद गुंडाळला होता; आइनस्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले.)

आजही मूळ कृती तीच आहे. छातीत गेलेलं जठर खाली ओढायचं, अन्ननलिकेचा दोन-तीन सेंटीमीटर भाग पोटात आणायचा, श्वासपटलाचं भोक टाके घालून लहान करायचं आणि जठराचा वरचा सैल भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवायचा. पूर्ण वेढा म्हणजे निसेन. मागून पाऊणभर वेढा म्हणजे टूपे, पुढून अर्धवट म्हणजे डोर. ही दोन्ही नावं फ्रेंच सर्जनांची आहेत. जठर भरलं, दाब वाढला, की वेढाही दाबला जातो आणि वाट बंद होते.

१९९१ मध्ये बेल्जियमच्या बर्नार्ड दालेमान्य यांनी हे ऑपरेशन दुर्बिणीतून करून दाखवलं. पोटावर वीतभर चीर घेण्याऐवजी पाच लहान छिद्रं पुरेशी ठरली. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात त्याच्या आदल्याच वर्षी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली होती. त्यामुळे हे तंत्र महाराष्ट्रात रुळायला फार वेळ लागला नाही.

मग ते सुटतं कशामुळे?

वेढा शिवला जातो तो भाग एक क्षणही स्थिर नसतो. श्वास घेतला की छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो आणि श्वासपटल खाली-वर होतं. मिनिटाला चौदा-पंधरा श्वास धरले, तर दिवसाला वीस हजारांच्या वर ओढाताण. त्यात खोकला, उलटी, शौचाला कुंथणं, जड वजन उचलणं यांचे वेगळे झटके. हलत्या, पातळ स्नायूवर घातलेले टाके वर्षानुवर्षं टिकतात, हेच खरं तर आश्चर्य आहे.

बिघाडाच्या तऱ्हाही एकसारख्या नाहीत. सगळ्यात जास्त आढळणारी तऱ्हा म्हणजे श्वासपटलाचे टाके सैल होऊन अख्खा वेढा छातीत सरकणं. काहींचा वेढा जागेवरच उसवतो. काहींमध्ये वेढा तसाच राहतो, पण जठर त्याच्यातून वर घसरतं. मग वेढा अन्ननलिकेऐवजी जठराच्याच कमरेला बसतो आणि त्याच्या वर जठराचा एक कप्पा तयार होतो, आम्ल बनवणारा. होज पाइपवरचा क्लॅम्प घसरून भलत्याच जागी आवळला जावा, तसं. काहींचा वेढा फार घट्ट किंवा फार लांब झालेला असतो. त्यांना जळजळ होत नाही, पण भाकरीचा घास अडकतो.

एक तऱ्हा जन्मजात किंवा जुन्या दाहामुळे येते: अन्ननलिकाच आखडून तोकडी झालेली असते. ती खाली ओढून शिवली तरी ताणलेल्या रबरासारखी वर जायला बघते. पहिल्या वेळी हे ओळखलं गेलं नसेल, तर तेवढ्याच लांबीवर पुन्हा वेढा घालून काही साधत नाही.

अपयश किती जणांना येतं? स्वीडनमध्ये २००५ ते २०१४ या काळात दुर्बिणीतून हे ऑपरेशन झालेल्या २,६५५ लोकांचा मागोवा घेतला गेला. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी पाच वर्षांत १७.७ टक्के लोकांना त्रास परत आला. पण त्रास परत आलेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांचं पुन्हा गोळ्यांवर भागलं. दुसरं ऑपरेशन लागलं ते एकूण ७७ जणांना, म्हणजे साधारण तीन टक्क्यांना.

मोठ्या हर्नियाचं चित्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या एका चाचणीत मोठा हर्निया दुरुस्त केलेल्यांना सुमारे पाच वर्षांनी बेरियमचा एक्स-रे काढायला बोलावलं. निम्म्याहून जास्त लोकांत हर्निया पुन्हा दिसला, मग दुरुस्ती नुसत्या टाक्यांनी केलेली असो की प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेली जाळी लावून. गंमत अशी, की त्यांतल्या बहुतेकांना काहीही त्रास नव्हता आणि दुसरं ऑपरेशन अगदी मोजक्यांना लागलं. 'हर्निया परत आला' हे एक्स-रेवरचं वाक्य आणि 'ऑपरेशन पुन्हा करा' हा सल्ला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही जळजळ आम्लाचीच आहे ना?

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे सूज असते. घास हळू उतरतो, ढेकर नीट निघत नाही, पोट फुगतं. हे अपयश नव्हे; ते बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत ओसरतं. खरा पेच त्यानंतरच्या जळजळीचा. ऑपरेशननंतर पुन्हा गोळ्या सुरू केलेल्या अनेकांची तपासणी केली, तर अन्ननलिकेत आम्ल येतच नसल्याचं दिसतं. म्हणजे वेढा आपलं काम करत असतो आणि त्रास दुसऱ्याच कशाचा तरी असतो.

गोळ्यांनी न थांबणाऱ्या जळजळीवर अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. तो पहिल्या ऑपरेशनबद्दलचा असला, तरी दुसऱ्याच्या वाटेवर असलेल्यांनी त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. गोळ्यांचा उपयोग होत नाही म्हणून ३६६ लोक पाठवले गेले. त्यांतले ४२ जण गोळी नीट वेळेवर, जेवणाआधी अर्धा तास, घ्यायला लावल्यावर दोन आठवड्यांतच बरे वाटून बाहेर पडले. ९९ जणांना सगळ्या तपासण्यांनंतर निदान झालं ते अतिसंवेदनशील नसांमुळे होणाऱ्या जळजळीचं, ज्यात आम्लाचा दोष नसतो. २३ जणांना अन्ननलिकेचे वेगळेच आजार निघाले. गळती होत होत शेवटी चाचणीत उरले फक्त ७८. त्यांतल्या ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यांना वर्षभराने ६७ टक्के यश मिळालं. औषधांच्या दोन गटांत ते २८ आणि १२ टक्के होतं.

यातून दोन्ही बाजू दिसतात. निवड नीट केली तर ऑपरेशन औषधापेक्षा कितीतरी सरस. आणि निवड न करता सरसकट सगळ्यांना टेबलावर घेतलं असतं, तर शेकड्याने लोकांचं ऑपरेशन त्यांना नसलेल्या आजारासाठी झालं असतं. पहिलं ऑपरेशन अशा चुकीच्या निदानावर झालं असेल, तर दुसरं कितीही सफाईने केलं तरी जळजळ तिथेच राहणार.

जुना कागद शोधा

दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करणाऱ्या सर्जनला सगळ्यात आधी हवा असतो तो जुना कागद. डिस्चार्ज कार्ड नव्हे. त्यावर बहुतेक वेळा 'लॅप्रोस्कोपिक फंडोप्लिकेशन केले' एवढीच ओळ असते. हवी असते ती ऑपरेशन नोट: वेढा पूर्ण होता की अर्धवट, भोक कशाने बंद केलं, जाळी लावली का आणि कोणती, प्लीहेकडे जाणाऱ्या लहान रक्तवाहिन्या कापल्या का, अन्ननलिका किती खाली आली. त्यासोबत ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांचे रिपोर्ट. ते मुळात झालेच नसतील, तर तीही एक महत्त्वाची माहितीच आहे.

पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात हे कागद हरवायला वेळ लागत नाही. माणूस लातूर, बीड, जळगावहून किंवा त्याहून लांबून कामाला आलेला. कंत्राट बदललं की खोली बदलते, निगडीहून मोशी, मोशीहून नाणेकरवाडी. आणि फाइल गावाकडच्या कपाटात किंवा रद्दीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. पण त्याच नियमांत नोंदी जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचंच आहे. दुसऱ्या ऑपरेशनची वेळ बऱ्याचदा त्यानंतरच येते. म्हणून ज्याचं पहिलं ऑपरेशन आत्ताच झालंय आणि तब्येत ठणठणीत आहे, त्यानेही ऑपरेशन नोट आजच मागून घ्यावी आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये व घरच्यांच्या ग्रुपवर ठेवावा.

त्यानंतर तपासण्या. एंडोस्कोपीत कॅमेरा जठरात नेऊन मागे वळवतात आणि वेढा खालून बघतात: आहे का, जागेवर आहे का, पिळवटलाय का. बेरियमचं पांढरं पाणी गिळताना काढलेला एक्स-रे वेढा कुठे सरकलाय आणि घास कुठे अडतोय, हे दाखवतो. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेचे स्नायू किती जोराने घास ढकलतात, हे मोजतात. पीएच तपासणीत तशीच नळी चोवीस तास ठेवून आम्ल किती वेळा वर आलं याची नोंद घेतात. त्यासाठी साधारण आठवडाभर आधी गोळ्या बंद कराव्या लागतात आणि तो आठवडा त्रासाचा जातो. उलट्या आणि पोट फुगण्याचा त्रास जास्त असेल, तर जठर किती वेळात रिकामं होतं हेही पाहतात. पहिल्या वेळी जठराच्या नसेला इजा झाली असेल तर ते इथे कळतं.

नाकातल्या नळीचा कंटाळा म्हणून यातल्या दोन तपासण्या गाळल्या जातात, नेमक्या ज्या सगळ्यात जास्त सांगतात त्या. मॅनोमेट्री न करता घट्ट वेढा घातला आणि अन्ननलिकेत जोरच नसला, तर माणसाला पाणी गिळणंही अवघड होतं. अकालेशिया नावाच्या आजारात खालची कडी उघडतच नाही. साठलेलं अन्न आंबून जळजळ होते आणि वरवर पाहता ती ॲसिडिटीच वाटते. अशा माणसाच्या कडीभोवती वेढा घालणं म्हणजे बंद दाराला बाहेरून कुलूप लावणं. ही यंत्रं प्रत्येक रुग्णालयात नसतात. पिंपरीच्या एका ठिकाणी ऑपरेशन आणि पुण्यात दुसरीकडे तपासणी, अशी धावपळ करावी लागली तरी ती करणं योग्य.

दुसऱ्या वेळी आत काय होतं?

बाहेरून सगळं पहिल्यासारखंच दिसतं: पाच छिद्रं, कॅमेरा, पडदा. आत मात्र पहिल्या ऑपरेशनच्या जखमा भरताना सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. यकृताचा डावा भाग वेढ्याला, वेढा श्वासपटलाला, कधी जाळी अन्ननलिकेला. आधी हे सगळं मिलिमीटर-मिलिमीटरने सोडवायचं. मग जुना वेढा पूर्ण उलगडायचा आणि जठर मूळ आकारात आणायचं. इथे घाई केली आणि जुना वेढा तसाच ठेवून वरून टाके घातले, तर बिघाड झाकला जातो, दुरुस्त होत नाही. त्यानंतर अन्ननलिका छातीच्या आतपर्यंत मोकळी करून खाली आणायची. ती तोकडीच राहिली, तर जठराचा वरचा भाग स्टेपलरने नळीसारखा करून लांबी वाढवता येते. ही युक्ती ब्रिटिश सर्जन कॉलिस यांनी १९५७ मध्ये मांडली. मग भोक पुन्हा बंद करायचं आणि नवा वेढा, बहुतेक वेळा मॅनोमेट्री पाहून पूर्ण किंवा अर्धवट.

वजन खूप जास्त असेल किंवा आधीच दोनदा वेढा सुटला असेल, तर तिसऱ्यांदा वेढा न घालता जठराचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट आतड्याला जोडण्याचा पर्याय असतो. वजन कमी करण्यासाठी जी बायपास करतात, तीच ही. त्याने आम्लही कमी तयार होतं आणि पोटातला दाबही उतरतो. पण आयुष्यभर व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि नियमित रक्ततपासण्या मागे लागतात.

धोके पहिल्यापेक्षा जास्त असतात, हे मोकळेपणाने सांगायला हवं. सोडवताना अन्ननलिकेला किंवा जठराला भोक पडू शकतं. ते तिथल्या तिथे दिसून शिवलं तर निभावतं, नजरेतून सुटलं तर जिवावर येतं. नसेला इजा, छातीत हवा शिरणं, मध्येच दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागणं, हेही घडतं. २००९ मध्ये जगभरातल्या ८१ अभ्यासांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दुर्बिणीतली आणि पोट उघडून केलेली, दोन्ही ऑपरेशनं होती. दुसऱ्या ऑपरेशननंतर सुमारे ८१ टक्के लोकांना समाधानकारक आराम मिळाला. ऑपरेशन चालू असताना काही ना काही इजा झाली ती साधारण पाचातल्या एकाला, आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या किंचित खाली होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी यशाची शक्यता आणखी उतरत जाते. म्हणूनच, दुसरी खेप ही शेवटची ठरावी अशा तयारीने करणं शहाणपणाचं.

सर्जनला 'अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं तुम्ही किती केलीत?' असं विचारायला लोक संकोचतात. पहिलं आणि दुसरं ऑपरेशन यांत नाव सोडलं तर फारसं साम्य नाही. पित्ताशयाची हजार ऑपरेशनं केलेला हातही इथे नवखा असू शकतो. अनुभवी सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. रागावलाच, तर तेही एक उत्तर समजावं.

पाळी, सुट्टी आणि ओझं

या पट्ट्यात त्रासाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी रोजच्याच आहेत. तिसऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतर कँटीनचं जेवण, झोप उडवायला चहावर चहा, तंबाखू. सकाळी बसमधून उतरलं की गाड्यावर वडापाव किंवा तर्रीदार मिसळ आणि खोलीवर येऊन लगेच आडवं. पोट भरलेलं, शरीर सपाट: आम्लाला वर यायला याहून सोयीचं काही नाही. पाळी बदलणं कामगाराच्या हातात नसतं. सकाळचं खाणं हलकं ठेवणं, त्यानंतर दोन-तीन तास न झोपणं शक्य नसेल तर निदान पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उंच करणं आणि डाव्या कुशीवर झोपणं, एवढं तरी जमू शकतं. नुसत्या दोन उशा घेतल्याने मान वाकते आणि पोट उलट दाबलं जातं.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस पातळ पेज, वरणाचं पाणी, सूप. मग काही आठवडे मऊ भात, खिचडी, शिजवून मऊ केलेली भाजी. कोरडी भाकरी, पाव, सुकं मटण आणि सोड्याची बाटली यांची वाट पाहावी लागते. ही पथ्यं फक्त गिळण्यासाठी नसतात. घास अडकला की उमाळे येतात, आणि पहिल्या दिवसांतला एक जोरदार उमाळा ताजे टाके तोडू शकतो.

ओझ्याचंही तसंच. जड वजन उचलायला साधारण दीड-दोन महिने मनाई असते आणि दुसऱ्या ऑपरेशननंतर काही सर्जन ती आणखी वाढवतात. ऑफिसात बसणारा माणूस दोन-तीन आठवड्यांत कामावर जाऊ शकतो. फोर्जिंग, कास्टिंग किंवा लोडिंगला असलेला माणूस नाही. कंत्राटी कामगाराला नेमकं हेच परवडत नाही. तीन आठवड्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून क्रेट उचलायला लागणं, हे त्याच्या बेफिकिरीपेक्षा त्याच्या पगाराचं गणित असतं.

ज्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेत बसतो (२०१७ पासून ती महिना २१,००० रुपये आहे) त्यांना इथे आधार आहे. योजनेत आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो; त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी ही दिवसांची बेरीज ईएसआय कार्यालयात तपासून घ्यावी, कारण कंत्राटदार बदलताना मधले दिवस गळलेले असतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे आणि पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. सुरुवातीची तपासणी आणि पुढची चिठ्ठी यासाठी तिथून सुरुवात करता येते. कामावर परतताना डॉक्टरकडून नुसतं 'फिट' असं न घेता 'अमुक किलोपेक्षा जास्त वजन अमुक तारखेपर्यंत नको' असं लिहून घेतलं, तर सुपरवायझरशी बोलताना हातात काही तरी असतं.

थांबू नये अशा वेळा

ऑपरेशन झालेलं असो वा नसो, काही लक्षणांना 'पित्त' म्हणून इनो पिऊन बसू नये. घास अडकणं वाढत जाणं, कारण नसताना वजन उतरणं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौच: यांसाठी एंडोस्कोपी लवकर व्हायला हवी. छातीत जळजळीबरोबर दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर आधी ईसीजी. हार्ट अटॅकला गॅस समजून घरी थांबलेल्यांची उदाहरणं प्रत्येक वस्तीत सापडतात.

ज्यांचं हायटस हर्नियाचं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी आणखी एक. छातीखाली अचानक असह्य कळ, उलटीचे उमाळे येताहेत पण बाहेर काहीच पडत नाही, पोट फुगत चाललंय: याचा अर्थ वर सरकलेलं जठर पीळ पडून अडकलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाताशी काही तासच असतात. चाकणहून रात्री पुणे-नाशिक रस्त्याने निघताना जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून सकाळची वाट पाहण्यापेक्षा सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही असलेलं रुग्णालय फोन करून आधी नक्की करावं. आणि कॅज्युअल्टीत शिरल्या शिरल्या, डॉक्टर काही विचारण्याआधीच, सोबतच्या माणसाने सांगावं, की याच्या हायटस हर्नियाचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि मोबाइलमधला ऑपरेशन नोटचा फोटो उघडून समोर धरावा.